जेवणाच्या सुट्टीतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहात आणि शॉपमध्ये एकटेच ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी विषय काढतो. तुम्ही तीन देव मानता ना? बायबल किती वेळा बदललंय? येशूच्या एकाच चरित्राची चार पुस्तकं, आणि तीही एकमेकांशी जुळत नाहीत, असं कसं? तुझ्या आजोबांनी धर्म का सोडला? पुरात आमचं घर गेलं तेव्हा तुझा देव कुठं होता? माझी आजी माळकरी, उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, ती नरकात गेली म्हणायचं का? आणि सत्यनारायणाचा शिरा तू का खात नाहीस? त्यातच दसरा तोंडावर आलाय, खंडेनवमीला मशीनची पूजा आहे आणि तुमच्या मशीनपुढे नारळ तुम्हीच फोडायचा असं सगळ्यांनी धरून चाललंय. लहानपणापासून संडे स्कूलला जाऊनही तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून पाठ करता येतील अशी उत्तरं तुम्हाला हवी आहेत.

मी मिरजेत पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, आहे. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचे आणि तरुणांचे बायबलचे वर्ग घेतो, आणि हे प्रश्न जवळपास याच शब्दांत माझ्यासमोर येत असतात. पाठ करायची उत्तरं मी मुद्दामच देत नाही. पाठ केलेल्या उत्तराला उलट प्रश्न आला की आपण पुन्हा गप्प होतो. समोरच्यालाही कळतं की हा आपल्याशी बोलत नाहीये, काहीतरी म्हणून दाखवतोय.

माझ्या मते तुम्हाला माहिती कमी पडत नाहीये. तुमच्या यादीत वेगवेगळ्या जातीचे प्रश्न एकत्र आलेत आणि तुम्ही सगळ्यांना एकाच मापानं मोजताय. बायबल बदललं का, हा इतिहासाचा प्रश्न. तिथं हस्तलिखितं आणि सनावळ्या बोलाव्या लागतात. तीन देव की एक, ही मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवण आहे, ती शांतपणे उलगडून सांगावी लागते. पूर, आजी आणि शिरा हे तिन्ही प्रश्न मात्र विचारणाऱ्याच्या घरातून आलेत. तिथं सनावळ्या सांगत बसलात तर प्रत्येक शब्द बरोबर असूनही माणूस दुखावतो.

अजून एक सवय लावून घ्या. काहीही सांगण्याआधी स्वतःला विचारा: हे मी सांगतोय ते बायबलमध्ये आहे, मंडळीची शिकवण आहे, की आमच्या घरची रीत आहे? उदाहरण देतो. आपल्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती बायका कुंकू लावत नाहीत, पण पुष्कळजणींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, त्यात क्रूस ओवलेला असतो. शेजारीण विचारते, तुमच्या बायबलमध्ये कुंकू वर्ज्य आहे का? बायबलमध्ये कुंकवाचा उल्लेखच नाही. ही आपल्या मंडळ्यांची रीत आहे, पूजेपासून वेगळेपण दाखवण्यासाठी पडलेली. नाताळची तारीख घ्या. 25 डिसेंबर कोणत्याही शुभवर्तमानात, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूच्या चार चरित्रांत, नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीन होते असंही मत्तय सांगत नाही, तो फक्त सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटी सांगतो. रीत वाईट नसते. नाताळची करंजीही रीतच आहे आणि ती मला प्रिय आहे. पण रीतीला देवाची आज्ञा म्हणून पुढं केलं की एक दिवस कुणीतरी बायबल उघडून विचारतो, कुठं लिहिलंय दाखव. मग खरोखर लिहिलेल्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो.

आता बायबल बदलल्याचा प्रश्न. यात दोन-तीन वेगळे समज मिसळलेले असतात. पहिला असा की मराठी बायबलच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, म्हणजे मजकूर बदलला. मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, 1811 साली छापला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेलं अख्खं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये बाहेर आलं. त्यानंतरही नवी भाषांतरं झाली. बोली बदलते तसं भाषांतर नवं होतं. चांगलं भाषांतर मूळ हिब्रू, अरामी आणि ग्रीक मजकुरावरून केलं जातं आणि तो मजकूर कुणालाही तपासता येतो.

दुसरा समज असा की रोमच्या कुठल्यातरी बादशहानं 325 साली निकीयाच्या परिषदेत हवी ती पुस्तकं ठेवली आणि नको ती जाळली. ती परिषद झाली ती मुख्यतः ख्रिस्त कोण, या वादावर. पुस्तकांची यादी हा तिचा विषय नव्हता. चार शुभवर्तमानं आणि प्रेषित पौलानं पहिल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांतून वाचली जात होती. आज आपल्या नव्या करारात आहेत ती नेमकी 27 पुस्तकं अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस यानं 367 सालच्या पत्रात नोंदवली. तोपर्यंत काही पुस्तकांबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद होते, तेही लपवायचं कारण नाही.

आणि मूळ मजकूर सुरक्षित आहे याला पुरावा काय? 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहेत धनगरांना गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची जवळजवळ संपूर्ण गुंडाळी होती, सुमारे 24 फूट लांब, ख्रिस्ताच्या शंभरएक वर्षं आधीची. त्याआधी जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाची, जी महत्त्वाची हिब्रू हस्तलिखितं हाताशी होती, ती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातली. म्हणजे एका झटक्यात हजार वर्षं मागं जाऊन ताडून बघता आलं. फरक सापडले. पुष्कळसे वर्णलेखनाचे, काही शब्दांचे, काही ठिकाणी वाक्यांचे. पण तोच यशया, तोच संदेश. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं तर पाच हजारांहून जास्त आहेत, तुकडे आणि अर्धवट प्रती धरून. इतक्या प्रती इतक्या देशांत पसरलेल्या असताना सगळीकडे गुपचूप फेरफार करणं कुणाच्या हातात नव्हतं.

एक गोष्ट मित्रांनी दाखवायच्या आत तुम्हीच दाखवा. मार्कचा सोळावा अध्याय उघडा. नवव्या ओवीपासून विसाव्यापर्यंतचा भाग चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींमध्ये नाही. योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही सर्वांत जुन्या प्रतींमध्ये आढळत नाही. चांगल्या बायबलमध्ये तिथं कंस किंवा टीप असते. जो ग्रंथ स्वतःच्या पानावर असं छापतो, त्याच्याकडे लपवायला काही नाही, हे मित्रांना सांगायलाच लागत नाही. पान दाखवलं की पुरे होतं.

पुस्तकांच्या संख्येबद्दल कुणी विचारलं तर: प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं, कॅथलिकांच्यात 73. जास्तीची सात जुन्या करारातली आहेत आणि ती ग्रीक भाषांतराच्या परंपरेतून आली. नवा करार दोघांचाही सारखाच.

चार शुभवर्तमानं जुळत नाहीत, या आक्षेपाला घाबरू नका आणि तो झटकूनही टाकू नका. पुनरुत्थानाची सकाळ घ्या. मत्तय दोन मरियांची नावं घेतो, मार्क तीन स्त्रियांची, लूक आणखी काहींची. योहान फक्त मग्दालीया मरियेबद्दल बोलतो, पण तिच्या तोंडी वाक्य येतं ते "आम्हाला ठाऊक नाही" असं, अनेकवचनी. म्हणजे बाकीच्या होत्या, त्यानं एकीवर लक्ष ठेवलं. देवदूत कुठं एक, कुठं दोन. चौघांचं एका गोष्टीवर एकमत आहे, की रिकाम्या कबरेची बातमी आधी स्त्रियांना कळली. त्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. लोकांना पटावी म्हणून रचलेली गोष्ट असती तर साक्षीदार म्हणून पुरुष उभे केले असते. मला स्वतःला हा मुद्दा फार वजनाचा वाटतो.

सगळंच असं सुरळीत बसत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा मृत्यू मत्तय एका तऱ्हेनं सांगतो, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो दुसऱ्या तऱ्हेनं येतो. येशूच्या वंशावळ्याही मत्तय आणि लूक यांच्या वेगळ्या आहेत. दोन्ही जुळवायचे प्रयत्न पूर्वापार झालेत, काही पटतात, काही ओढूनताणून केलेले वाटतात. तिथं "याचं मला पूर्ण समाधान करता येत नाही" असं म्हणायला हरकत नाही. माझा विश्वास वंशावळीच्या गणितावर उभा नाही, येशू मेलेल्यांतून उठला यावर उभा आहे. पौल करिंथकरांना हेच सांगतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ.

तीन देवांचा प्रश्न आपल्या भागात दोन्हीकडून येतो. हिंदू मित्र आपुलकीनं म्हणतात, म्हणजे आमच्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच की! मिरजेतला मुसलमान मित्र विचारतो, देवाला मुलगा कसा होईल? दोघांनाही सुरुवात एकाच जागेपासून करून द्या. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला सांगितलंय की परमेश्वर आपला देव एकच आहे, आणि सर्वांत मोठी आज्ञा कुठली असं विचारल्यावर येशूनं हेच वाक्य म्हटलं, ते मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. आपण एकच देव मानतो, यात तडजोड नाही. मग त्याच शुभवर्तमानांत दिसतं की येशू पापांची क्षमा करतो, लोक त्याच्या पाया पडतात आणि तो अडवत नाही. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा उतरतोय आणि पित्याची वाणी होतेय, तिन्ही एकाच वेळी. हे सगळं एकत्र धरताना मंडळीला जी शिकवण मांडावी लागली ती त्र्यैक्याची: देव एकच, आणि तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. त्र्यैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, तो चौथ्या शतकापर्यंत चाललेल्या विचारमंथनाचा सारांश आहे, हेही मोकळेपणानं सांगा. मुसलमान मित्राला एवढं नक्की सांगा की पुत्र म्हणताना कुठल्याही ख्रिस्ती माणसाच्या मनात शरीरसंबंधातून झालेला जन्म नसतो. तो विचार त्याला जितका अभद्र वाटतो तितकाच आपल्यालाही.

पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण संडे स्कूलमध्ये ऐकलं असेल तर ते तिथंच राहू द्या. एकच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. त्यातून असं निघतं की एकच देव वेश बदलून तीनदा येतो. मंडळीनं हे मत फार पूर्वीच नाकारलंय, आणि बाप्तिस्म्याच्या प्रसंगात तिघं एकाच वेळी आहेत, तेही त्यात बसत नाही. देवाचं स्वरूप पूर्ण कळलंय असा दावा आपण करत नाही, असं सांगितलेलं जास्त खरं.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. ते तुमच्या घरात आहे. आजी असेल, मोठे काका असतील, त्यांच्यापाशी बसा आणि विचारा. सांगली-साताऱ्याकडची अनेक ख्रिस्ती घराणी त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या समाजांतून आली. काहीजण शाळेमुळे आले, काही दवाखान्यामुळे. डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं, तिथं बाकावर शेजारी बसायला मिळालं म्हणून पहिल्यांदा थबकलेले लोक होते. कुणी मिठाची पुडी घेऊन धर्म विकला असं म्हणतं तेव्हा मला राग येतो. ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यानं देवाच्या घरात पंगतीला जागा मिळतेय हे ऐकून तिकडं जाणं यात लाचारी कुठली आली? शुभवर्तमानच ते आहे. आणि सगळेच काही मिळवायला आले असंही नाही. कवी ना. वा. टिळक चित्पावन ब्राह्मण होते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, नातीगोती सगळं तुटलं, पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं वेगळं राहावं लागलं. शेवटच्या काळात, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची चाकरीही सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांनाही त्यात जागा होती. पण तुमच्या मित्रानं टिळकांबद्दल विचारलेलं नाही, तुमच्या आजोबांबद्दल विचारलंय. घरात विचारून आलात की कुणाच्याही पुस्तकातून घ्यायला नको असं उत्तर तुमच्याकडे असेल.

आता पुराचा प्रश्न. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकराला सांगायला नको. ज्याचं घर बुडालं, कपाटातली कागदपत्रं चिखलात गेली, जनावरं दावणीला गेली, तो "तुझा देव कुठं होता" म्हणतो तेव्हा त्याला धर्मशास्त्राचा तास नको असतो. ईयोबाची गोष्ट आठवा. सगळं गेल्यावर त्याचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक अवाक्षर बोलले नाहीत. अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम एवढंच. मग त्यांनी तोंड उघडलं, तुझ्या पापामुळं हे झालं असं समजवायला लागले, आणि शेवटी देव ईयोबावर नाही, त्यांच्यावर रागावतो.

म्हणून आधी विचारा, किती पाणी आलं होतं, मग कुठं राहिलात. ऐकून घ्या. त्यानंतरही त्याला उत्तर हवंच असेल तर लूकचा तेरावा अध्याय काढा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू लोकांना विचारतो, ते अठरा यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. पुढं तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. मेलेल्यांचा हिशेब तो मांडत बसत नाही. पूर हा कुणाच्या पापाची शिक्षा, हे कुणी ख्रिस्ती माणूस सांगायला लागला तर तो येशूच्या विरुद्ध बोलतोय, इतकं मी ठामपणे म्हणतो. देवानं पूर का येऊ दिला, याचं उत्तर बायबल देत नाही. देव कुठं होता, याचं मात्र देतं. तो क्रूसावर होता, आपल्यातला एक होऊन, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं ओरडत. मी याच्या आधारावर जगतो. मित्राला हे पुरेल का, ते मला इथं बसून सांगता येणार नाही.

आजीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मंडळ्यांची शिकवण इथं एकसारखी नाही, हे आधी कबूल करायला हवं. येशू म्हणतो, मीच मार्ग आहे. प्रेषितांची कृत्ये म्हणतात, तारण, म्हणजे मुक्ती, दुसऱ्या कुणात नाही. त्यावरून काही मंडळ्या ठामपणे सांगतात की ज्यानं या जन्मात ख्रिस्तावर विश्वास ठेवला नाही त्याला आशा नाही. कॅथलिक मंडळीनं 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, वेगळं मांडलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पौलही रोमकरांच्या दुसऱ्या अध्यायात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, अंतःकरणात लिहिलेल्या नियमाबद्दल बोलतो. तुम्ही कुठल्या मंडळीत वाढलात त्यावर तुमचं उत्तर थोडंफार ठरणार.

मी काय करतो ते सांगतो. तारण ख्रिस्तामुळेच आहे हे मी धरून आहे, त्यात मी पाणी घालत नाही. पण कुणाच्या आजीचा निवाडा मी करत नाही, कारण तो करायचा अधिकार मला दिलेलाच नाही. याच लूकच्या तेराव्या अध्यायात एकानं येशूला विचारलं, प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत का? येशूनं आकडा सांगितला नाही. तो म्हणाला, तू स्वतः अरुंद दारानं आत जायची धडपड कर. योहानाच्या शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बघून विचारतो, याचं काय? त्याला उत्तर मिळतं, त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागं ये. अब्राहामानं देवालाच विचारलं होतं की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? मी मित्राला एवढंच म्हणेन: तुझ्या आजीला माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षाही देव जास्त ओळखतो, आणि तो अन्याय करत नाही. मग आजीबद्दल विचारा. काय म्हणायच्या, कुठल्या वारीला जायच्या. त्या मित्राला आजी आठवायची असते.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं एक वचन आपल्याकडे तरुणांना हमखास पाठ असतं, तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा. वाक्य तिथं संपत नाही. पुढं लिहिलंय, पण हे सौम्यतेनं आणि आदरानं. पुढचा अर्धा भाग गाळला की उत्तरं भांडणासारखी होतात.

वाचायचं कुठून, असंही तुम्ही विचारलंय. उत्पत्तीपासून सुरू करून बहुतेकजण लेवीयात अडकतात. आधी मार्क वाचा. सोळा अध्याय, सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत होतो. मग लूक, मग रोमकरांस पत्र सावकाश, मंडळीतल्या जाणत्या माणसाबरोबर. एखाद्या मित्रानं वाचायला मागितलंच तर अख्खं बायबल हातात देऊ नका, मार्कची सुटी प्रत बायबल सोसायटी छापते, ती द्या. आणि न मागणाऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून येऊ नका.

राहिला शिरा आणि नारळ. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पुढच्या काही दिवसांत प्रत्यक्ष करायची गोष्ट हीच आहे.

हा प्रश्न करिंथच्या मंडळीला अगदी असाच पडला होता. शहरात देवळं होती, देवळात बळी दिलेलं मांस बाजारात विकायला यायचं, मित्रांच्या घरी जेवणात असायचं. पौलानं पहिल्या पत्रात आठ ते दहा असे तीन अध्याय यावर खर्च केलेत. तो म्हणतो, मूर्ती काहीच नाही, देव एकच. त्यामुळं अन्न मुळात बाटत नाही. बाजारात मिळतं ते खा, चौकशी करत बसू नका. मित्रानं जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण पूजेच्या पंगतीत सहभागी होऊन प्रभूच्या मेजावरही बसायचं, याला तो स्पष्ट नाही म्हणतो. आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, ज्यानं सांगितलं त्याच्या विवेकासाठी. शिवाय माझ्या खाण्यानं एखादा दुबळा भाऊ अडखळत असेल तर मी जन्मात मांस खाणार नाही, असंही तो म्हणतो. म्हणजे त्याच्या मनात पदार्थापेक्षा माणूस मोठा आहे.

प्रसाद हा नावानंच वाहिलेला असतो, म्हणून मी घेत नाही. आमच्या मंडळीतले बहुतेकजण घेत नाहीत. पण एखाद्या घरात सासर हिंदू, सून ख्रिस्ती, आणि ती सासूच्या हातून घेऊन खाते, तिला मी विश्वासातून बाहेर काढत नाही. रोमकरांच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंय की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. हा निर्णय तुम्ही प्रार्थनेनं आणि तुमच्या पाळकांशी बोलून घ्या. फक्त एक करू नका. हात पुढं करून घ्यायचं आणि नजर चुकवून कचऱ्यात टाकायचं, असं करणारे आपले लोक मी पाहिलेत. त्यात ना देवाचा मान, ना मित्राचा.

नकार कसा द्यायचा, ते दानिएलाच्या पहिल्या अध्यायात बघण्यासारखं आहे. बंदी म्हणून बाबेलला नेलेल्या दानिएलाला राजाच्या ताटातलं अन्न नको होतं. त्यानं ताट ढकललं नाही, अधिकाऱ्याकडे जाऊन विनंती केली, दहा दिवस भाजी आणि पाणी देऊन बघा म्हणाला. अधिकाऱ्याची अडचण काय आहे तीही त्यानं ऐकून घेतली.

आमच्या मंडळीत एक टर्नर आहे, त्याची पद्धत मला फार आवडते. खंडेनवमीच्या दोन-तीन दिवस आधी तो सुपरवायझरला एकट्याला गाठून सांगतो: साहेब, लेथ मी स्वतः साफ करीन, बेडवरची बुरी काढून, ग्रीस करून, रंग उडालाय तिथं हात मारून ठेवीन. पूजेला सगळ्यांबरोबर उभा राहीन. नारळ फोडणं आणि हळदकुंकू वाहणं तेवढं शेजारच्या मशीनवाल्याला करू द्या, माझ्या श्रद्धेत ते बसत नाही. आणि खरोखर शॉपमध्ये सर्वांत चकचकीत लेथ त्याचा असतो. पूजा झाल्यावर चहा-नाश्ता सगळ्यांबरोबर. प्रसाद पुढं आला की तो हात जोडून म्हणतो, दादा, हे तेवढं माफ करा, पण दुपारी तुमच्या डब्यातली भाकरी मी सोडत नाही. नाताळला त्याच्या घरच्या करंज्या पूर्ण शॉपला असतात. सुरुवातीला त्याला टोमणे बसले होते, आता नवीन पोरगं आलं की शेजारचाच सांगतो, त्याचा नारळ मी फोडतो.

प्रत्येक कारखान्यात इतका समजूतदार सुपरवायझर भेटेलच असं नाही. तुमच्या इथं वातावरण तापलेलं असेल, कुणी मुद्दाम कोंडीत पकडायला बघत असेल, तर मोठेपणा दाखवू नका. त्या दिवशी रीतसर रजा टाका, यात पळपुटेपणा नाही. पण तुमच्या लिहिण्यावरून मला मित्र चांगले वाटतात. आपल्या आजीबद्दल विचारणारा माणूस शत्रू नसतो. तेव्हा आयत्या वेळी सगळ्यांसमोर नारळ हातात येईपर्यंत थांबू नका. उद्या पहिल्या पाळीला जाल तेव्हा शेजारच्या मशीनवाल्याशी आधी बोला, मग दोघं मिळून सुपरवायझरकडे जा.